हाड, वाळूचा दगड आणि भरपूर वेळ : माओरी हाडकामाची पार्श्वभूमी

न्यूझीलंडला जाऊन आलेल्या कुणाच्या तरी गळ्यात ते पेंडंट तुम्ही बघितलं असेल, पांढरट, मासे पकडायच्या गळासारखं वळलेलं, मेण लावलेल्या दोऱ्यात ओवलेलं. हे माओरी म्हणजे तिथल्या मूळ लोकांचं हाडकाम. ते बनवणाऱ्या कारागिरांचे व्हिडिओ पण हल्ली खूप दिसतात. शेडमध्ये एक माणूस एकटा बसलाय, हातात हाडाचा तुकडा, घासतोय, धुतोय, परत घासतोय, तोंडातून शब्द नाही, आणि बघणारे म्हणतात वा, काय मेडिटेशन आहे. मेडिटेशन आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण ही शांतता कुठल्यातरी वेलनेस रिट्रीटमधून तिथे गेली असं समजू नका. ती तिथलीच आहे, जुनी आहे, आणि मधे ती जवळपास बंद पडली होती.

सुरुवात साधारण 1250 ते 1300 च्या आसपास. पॉलिनेशियातून, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरून, होड्या घेऊन माओरींचे पूर्वज न्यूझीलंडला पोचले तेव्हा शिंपले, देवमाशाचे दात, हाडं कोरायची कला ते सोबतच घेऊन आले होते. इथे त्यांना मोआ भेटला, उडता न येणारा पक्षी, मोठ्या जातीतली मादी मान वर केली की साडेतीन मीटरच्या घरात जायची. पायाची हाडं जाडजूड आणि घट्ट, म्हणजे कोरणाऱ्याची चंगळच. दक्षिण बेटावर वैराऊ बार नावाची जागा आहे, तिथे 1939 मध्ये जिम आइल्स नावाच्या 13 वर्षांच्या शाळकरी पोराला खणताना एक पुरलेला माणूस सापडला, शेजारी मोआचं अंडं आणि गळ्यातले दागिने. नंतर कँटरबरी म्युझियमच्या रॉजर डफने तिथे रीतसर उत्खनन केलं आणि मोआच्या हाडाचे रिळासारखे मणी, देवमाशाच्या दाताची पदकं असं बरंच काही निघालं. पण मोआ शिकारीत संपला, माणूस आल्यावर दीडेकशे वर्षांतच. मग राहिलं काय तर देवमाशाचं हाड, अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याच्या पंखाची नळी, कुत्र्याचं हाड, आणि माणसाचं.

आता एक लक्षात घ्या की या लोकांकडे धातू नव्हता. अजिबात नाही. वाळूच्या दगडाच्या पट्ट्या हीच कानस, ज्वालामुखीच्या काचेचे कपचे हेच पातं, आणि भोक पाडायला काठीच्या टोकाला दगडाचं टोक बांधून दोरीने गरगर फिरवायचं. लाकडावर दगडी वाकस चालते, छिलके उडतात, काम पुढे सरकताना दिसतं. हाडाचं तसं नाही, ते घासूनच उतरवावं लागतं, पाणी टाकायचं घासायचं पाणी टाकायचं घासायचं, आणि घाई केली तर रेषेच्या दिशेने तडा जातो आणि आधीचं सगळं काम वाया. म्हणून मला वाटतं की या कामातलं ध्यान आधी तत्त्वज्ञानातून आलेलंच नाही, ते मटेरियलने लादलंय, नंतर त्याला अर्थ चिकटले.

आणि अर्थ काय चिकटले! माओरी जगात तापू म्हणून एक गोष्ट आहे, पवित्र आणि धोकादायक दोन्ही एकदम, आपल्या सोवळ्याशी थोडीशी जुळते पण त्याहून जड. कुठल्याही विद्येतला जाणकार म्हणजे तोहुंगा, आणि कोरणारा तोहुंगा कामाला बसायच्या आधी काराकिया म्हणजे मंत्र म्हणायचा, शिजवलेलं अन्न कामाच्या जागेजवळ आणायचं नाही, लाकडाच्या कोरीवकामात तर छिलके तोंडाने फुंकून उडवायचे नाहीत आणि चुलीत घालायचे नाहीत असे नियम होते. हाड तर त्याहून नाजूक विषय, कारण ते कुणाचं तरी असतं. शत्रूच्या हाडाचा गळ करून त्याने मासे पकडायचे हा त्या शत्रूच्या अख्ख्या वंशाचा अपमान, पण आपल्या माणसाच्या हाडाची बासरी करून ती वाजवणं म्हणजे त्याला जवळ ठेवणं. एकच वस्तू, एकच कारागिरी, आणि अर्थ हाड कुणाचं यावर ठरणार.

गोष्टी पण तशाच. माउई नावाच्या खोडकर वीराने आपली आजी मुरिरांगाव्हेनुआ हिच्या जबड्याच्या हाडाचा गळ केला आणि समुद्रातून एक प्रचंड मासा वर ओढला, तोच न्यूझीलंडचं उत्तर बेट. दुसरी रोटोरुआ तळ्यातली. मोकोइया बेटावरचा तुतानेकाई रात्री बासरी वाजवायचा, पलीकडच्या काठावरच्या हिनेमोआला घरच्यांनी होडी मिळू दिली नाही तर ती भोपळे बांधून पोहत गेली. (सोहनी-महिवाल आठवतं ना, फक्त इथे पोरगी पोचते.) ती बासरी एका तोहुंगाच्या हाताच्या हाडाची होती असं परंपरा सांगते. या बासरीला कोआउआउ म्हणतात, वीतभरही नसते, दोन्ही तोंडं उघडी, बहुतेक वेळा तीन भोकं, आणि तिरकी धरून फुंकायची.

आपल्याला हे ऐकून जरा कसंतरी होतं, मान्य. आपल्याकडे माणसाचं हाड म्हणजे अस्थी, त्या पाण्यात सोडून मोकळं व्हायचं, दधीचीची गोष्ट सोडली तर हाडातून काही घडवायचा विचार आपल्या डोक्यात येत नाही. तिथे मात्र पूर्वजाला घडवून गळ्यात घालायचं असा उलटा हिशोब आहे.

मग 1769 ला कॅप्टन कुक आला, त्याच्या जहाजावर लोखंडी खिळे होते. खिळ्याची छिन्नी होते, खिळ्याचा गळ होतो, आणि जे काम करायला आधी भरपूर बैठक लागायची ते पटकन व्हायला लागलं. सुरुवातीला याने कोरीवकाम उलट वाढलं, पण गळ म्हणून हाडाची गरज संपत गेली, बासऱ्या म्युझियमच्या कपाटात गेल्या, युरोपियन संग्राहक चांगला माल घेऊन गेले. शोभेच्या वस्तूंचा बाजार तर इतका वाढला की हिरव्या दगडाचे माओरी तावीज जर्मनीत इदार-ओबरश्टाइन नावाच्या गावी मशीनवर कापून न्यूझीलंडला विकायला यायचे. 1907 मध्ये तोहुंगांच्या कामावर बंदी घालणारा कायदा आला. कायद्याचा रोख मुख्यतः उपचार आणि भविष्य सांगणाऱ्यांवर होता, पण जाणकार माणसाबद्दलचा आदर त्याने पोखरला, आणि तो कायदा रद्द व्हायला 1962 उजाडलं.

इथे लाकूड आणि हाड यांची वाट वेगळी झाली, आणि मला या सगळ्यात हाच भाग सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. आपिराना न्गाटा या माओरी नेत्याने खटपट करून 1927 मध्ये रोटोरुआला कोरीवकामाची शाळा सुरू करवली, तिथून जमातींची सभागृहं उभी राहिली, खांब कोरले गेले, लाकूडकाम वाचलं. सभागृहाला लाकूड लागतंच ना. हाडाला असं कुठलं घर नव्हतं. ते छोटं, अंगावर घालायचं, एकट्याने करायचं काम, त्यामुळे गुरु-शिष्य साखळी तुटली तेव्हा कुणाला फारसं कळलंही नाही.

ती जोडली गेली साधारण 1960 च्या दशकाच्या शेवटापासून, आणि जोडणाऱ्यांमध्ये गोरे लोक पण होते, यावर वाद घालता येतो आणि घातलाही जातो. ओवेन मॅप 1969 पासून हाड कोरतोय. ब्रायन फ्लिंटॉफने बासऱ्यांवर काम केलं, त्याच्यासोबत हिरिनी मेलबर्न हे माओरी संगीतकार-अभ्यासक आणि रिचर्ड नन्स हा वादक. या तिघांनी म्युझियममधली वाद्यं बघायची, मोजायची, मग गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांकडे बसून कुणाला काय आठवतंय ते ऐकायचं, परत येऊन नवीन हाडावर ते करून बघायचं, असं वर्षानुवर्षं केलं. म्हणजे गुरु नसताना वस्तूलाच गुरु केलं. जुन्या तुकड्यावरचा घासल्याचा ओरखडा बघून आधी हात कुठे आणि कसा फिरला असेल हे शोधायचं, याला तासन् तास एकाच तुकड्याकडे बघत बसावं लागतं, आणि आजच्या कारागिरांची ती गप्प बसायची सवय काही प्रमाणात इथूनही आली असावी असं माझं मत.

पण हाड आणायचं कुठून? देवमाशाची शिकार न्यूझीलंडमध्ये 1964 ला बंद झाली, आणि 1978 च्या कायद्याने सागरी सस्तन प्राण्यांना पूर्ण संरक्षण मिळालं, किनाऱ्यावर मेलेल्या देवमाशाचा दातसुद्धा आपल्या मनाने काढून घेता येत नाही. आता मासा किनाऱ्याला लागून मेला की सरकारी खातं आणि तिथली जमात मिळून ठरवतात, काराकिया होते, मांस-चरबी सोलतात, हाडं पुरून ठेवतात कारण त्यात तेल प्रचंड असतं आणि ते निघायला फार वेळ जातो. स्पर्म व्हेल या जातीच्या देवमाशाचा जबडा सगळ्यात घट्ट म्हणून त्याला मान. हे हाड जमातीच्या कारागिरांकडे जातं, दुकानात सहसा नाही.

बाकी सगळे वापरतात गाईबैलाची नळी, त्या देशात गुरांना तोटा नाही. खाटकाकडून आणायची, टोकं कापून आतली मज्जा काढायची, उकळायची, तेलकटपणा गेला की वाळवायची, पांढरी हवी तर हायड्रोजन पेरॉक्साइड. सोनाराच्या बारीक करवतीने आकार कापायचा, डेंटिस्टच्या ड्रिलसारख्या मशीनने कोरायचं, आणि मशीन जास्त दाबलं की केस जळल्यासारखा वास येतो, तो आला की थांबायचं. शेवटी पाण्यात बुडवून पॉलिश पेपर, खरखरीतपासून 1200 नंबरपर्यंत. धूळ फुफ्फुसाला वाईट, मास्क लागतोच. मशीन आलं तरी हा शेवटचा घासायचा भाग बहुतेक जण हातानेच करतात, आणि काही जण मुद्दाम वाळूच्या दगडावर परत गेलेत. घातलेलं हाड अंगाचं तेल पिऊन वर्षांनी मधासारखं पिवळं होतं, त्याला खराब झालं म्हणू नये, तिथे त्यालाच किंमत. स्वतःसाठी विकत घेऊ नये, कुणी दिलेलं घालावं असंही मानतात, पण ते सगळेच पाळतात असं नाही.

टूरिस्ट मार्केटने मात्र गोंधळ केलाय, परदेशात मशीनवर काढलेले गळ ढिगाने येतात आणि माओरी म्हणून विकले जातात. खऱ्या माओरी कामाला ओळख म्हणून 2002 मध्ये तोई इहो नावाचा शिक्का सुरू झाला, 2009 ला सरकारी कला संस्थेने त्यातून अंग काढलं, नंतर माओरी कलाकारांनीच तो हातात घेतला. त्यामुळे ऑकलंडला नातेवाइकांकडे गेलात आणि आणायचंच असेल तर दुकानदाराला विचारा की हाड कुठल्या प्राण्याचं आणि कोरणाऱ्याचं नाव काय. देवमाशाचं असेल तर देशाबाहेर न्यायला परमिट लागतं, आधी कागद मागून घ्या.