नास्तिकता हा धर्म मानावा का? एका रकान्याची पार्श्वभूमी

‘नास्तिकता हाही शेवटी एक धर्मच’ हे वाक्य जळगाव-धुळ्याकडच्या गप्पांमध्ये दोन्ही बाजूंनी ऐकू येतं. श्रद्धावान माणूस समोरच्याला गप्प करायला ते म्हणतो, तर काही नास्तिक स्वतःच तशी मागणी करतात, कारण धर्म म्हणून नोंद झाली तर हक्क मिळतील असं त्यांना वाटतं. मला ही मागणी घातक वाटते.

दर्शनांच्या पातळीवर आपल्याकडे या प्रश्नावर फारसं अडलेलं नाही. चार्वाकांनी परलोक नाकारला, जैन-बौद्धांनी सृष्टिकर्ता मानला नाही, आणि चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी सगळ्या दर्शनांचा संग्रह केला तेव्हा सुरुवातच चार्वाकांपासून केली. आपल्या अमळनेरात गिरणीमालक प्रताप शेठजींनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. कृष्णचंद्र भट्टाचार्य, मलकानी यांच्यासारखे अभ्यासक तिथे होते. अद्वैत हा तिथल्या अभ्यासाचा गाभा, पण ईश्वराचं अस्तित्व हा तिथे युक्तिवादाचा विषय होता. त्यावरून कुणाचा धर्म ठरवायचा नव्हता.

तो ठरवायची गरज सरकारी कागदाला पडली. 1872 हे वर्ष त्यासाठी महत्त्वाचं. देशाच्या पहिल्या जनगणनेचं वर्ष हेच, आणि ब्राह्मो समाजाच्या मागणीतून विशेष विवाहाचा कायदा झाला तोही याच वर्षी. या कायद्याखाली लग्न करायचं तर वधूवरांना लिहून द्यावं लागे की आम्ही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख, जैन, ज्यू यांपैकी कोणताही धर्म मानत नाही. धर्म न मानणं हे असं पहिल्यांदा सही करून द्यायची गोष्ट झालं. 1923 च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांना सवलत मिळाली, आणि 1954 च्या नव्या कायद्याने ही अटच गेली.

जनगणनेतला धर्माचा रकाना काय करतो ते पाहायचं तर सातपुड्याकडे बघावं. इंग्रजांच्या जनगणनेत आदिवासींच्या श्रद्धांना ‘ॲनिमिस्ट’, म्हणजे झाडा-डोंगरांत आत्मा मानणारे, असं नाव होतं, पुढे ‘ट्रायबल’ आलं, आणि 1951 मध्ये तो वेगळा रकानाच गेला. धडगाव-अक्कलकुव्याकडे याहामोगी आणि वाघदेव ही आदिवासींची दैवतं होती तिथेच राहिली. बदललं ते फक्त कागदावरचं नाव. रकान्यावरून माणसाचा धर्म ठरवू नये असं मी म्हणतो ते यामुळेच.

स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी घडल्या. 1954 मध्ये शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धर्माला ईश्वर असलाच पाहिजे असं नाही, बौद्ध आणि जैन ही त्याची उदाहरणं. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी, ज्यू नसलेल्या जवळजवळ सगळ्यांना एकाच छत्राखाली घेतलं. अनुसूचित जमाती तेवढ्या वगळल्या. हिंदू घरात जन्मलेला नास्तिक त्यामुळे कायद्याने हिंदूच राहतो.

शिरूर मठाच्या निकालावरून काही जण म्हणतात, देवाशिवाय धर्म असू शकतो, तर नास्तिकता धर्म का नाही? ही उडी फार लांबची आहे. डॉ. आंबेडकरांनी 1956 मध्ये ईश्वर नसलेला धम्म स्वीकारला, पण त्याला बुद्ध होता, संघ होता, बावीस प्रतिज्ञा होत्या. नास्तिकांचा असा संघ नाही, सामायिक आचार नाही. श्रावणात कानबाई, म्हणजे खानदेशातल्या घराघरांची कुलदेवी, बसते तेव्हा गावातला नास्तिकही भाऊबंदांमध्ये प्रसादाचे रोट खायला बसतो. त्याचं नातं कुळाशी आहे. देव नाही हे एकच मत दोघांचं जुळलं म्हणून ते एका धर्माचे होत नाहीत.

अमेरिकेत 2005 साली विस्कॉन्सिनच्या एका कैद्याला नास्तिकांचा अभ्यासगट हवा होता, तेव्हा तिथल्या अपील न्यायालयाने राज्यघटनेतल्या संरक्षणापुरती नास्तिकता धर्मासमान मानली. तिथे संरक्षण ‘धर्म’ या शब्दावर उभं आहे, म्हणून ही वाट धरावी लागली. आपल्या घटनेच्या 25 व्या अनुच्छेदात सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य धर्माच्याही आधी येतं. त्याच आधारावर मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं की ‘मला धर्म नाही’ असं म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे, सरकार कुणाला धर्म लिहायला भाग पाडू शकत नाही. नास्तिकाला हवं ते इथे धर्म न बनताच मिळालं. 2011 च्या जनगणनेत सुमारे 29 लाख लोकांची नोंद ‘धर्म सांगितला नाही’ अशी आहे. ते सगळे नास्तिक नाहीत, पण रकाना कोरा ठेवता येतो एवढं त्यातून दिसतं.

आता घातक का, ते. अनुसूचित जातींबद्दलच्या 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अट आहे की हिंदू, शीख किंवा बौद्ध यांहून वेगळा धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचं मानलं जाणार नाही. शिखांचा समावेश 1956 मध्ये झाला, बौद्धांचा 1990 मध्ये. अनुसूचित जमातींना ही अट नाही. म्हणजे उद्या नास्तिकता ‘वेगळा धर्म’ ठरली, तर नंदुरबारच्या भिल्ल नास्तिकाचा दाखला सुरक्षित राहील, पण चाळीसगावच्या चर्मकार नास्तिकाचा धोक्यात येईल. देव न मानण्याची किंमत एका मुलीला शिष्यवृत्ती गमावून मोजावी लागेल. धर्माचा दर्जा मागणाऱ्यांनी आधी त्या मुलीच्या घरी जाऊन हे सांगावं.