तडतड कुठल्या विजेची?

आभाळात कडाडते तीही वीज आणि तारेतून वाहते तीही वीज. मराठीतला हा गोंधळ नैसर्गिक रेडिओ, म्हणजे निसर्गात आपोआप उठणाऱ्या रेडिओ लहरी, ऐकायला बसलं की हेडफोनमध्येही होतो. काही शे हर्ट्झपासून दहाएक किलोहर्ट्झपर्यंतच्या या पट्ट्यात दोन्ही विजा तडतडतात, आणि नवखा माणूस जवळच्या खांबावरच्या ठिणग्यांना हजारो किलोमीटर दूरचं वादळ समजून हरखतो.

फरक तालात आहे. आभाळातली तडतड, म्हणजे स्फेरिक, बेताल असते: एक, मग तीन, मग शांतता. रात्री काहींना ‘टुंग’ अशी शेपटी फुटते, ते ट्वीक. जमीन आणि आयनांबर (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर) यांच्यात आपटत येताना १.७ किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरी मागे रेंगाळतात, त्यांची ती शेपटी. खांबावरच्या ठिणगीला ती नसते. सैल जोडणीत किंवा तडकलेल्या इन्सुलेटरवर ती व्होल्टेजच्या प्रत्येक शिखरापाशी उडते: ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात सेकंदाला १०० वेळा, ६०च्या पुरवठ्यात १२० वेळा. म्हणून ती भुंग्यासारखी खरखरते आणि स्पेक्ट्रोग्रामवर (वेळ आडवी, वारंवारता उभी दाखवणाऱ्या आवाजाच्या चित्रावर) फणीच्या दातांसारख्या समान अंतराच्या उभ्या रेघा उमटवते.

तारांची घरघर मात्र आडव्या रेघांची, ५० किंवा ६०च्या पटीत. ती कुणाला फसवत नाही, पण नुकसान तीच जास्त करते. प्रीअँप, म्हणजे सिग्नल पहिल्यांदा मोठा करणारा भाग, तिच्यानंच भरून गेला की व्हिसलरची, म्हणजे विजेच्याच लहरी अवकाशातून लांबचा फेरा मारून आल्या की ऐकू येणारी, वरून खाली घसरत जाणारी शिट्टी तिथेच चेपते, आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये कितीही फिल्टर लावले तरी परत येत नाही. (पहिल्या महायुद्धात शत्रूचे फोन चोरून ऐकताना जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख बार्कहाउझेनला या शिट्ट्या ऐकू आल्या, १९१९मध्ये त्यानं त्यावर लिहिलं.) माझं मत विचाराल तर फिल्टरपेक्षा पाय कामाचे. साध्या तारांपासून काही शे मीटर, उच्चदाब वाहिन्यांपासून जमेल तर काही किलोमीटर लांब जा. रिसीव्हर बॅटरीवरच चालवा, लॅपटॉपचा चार्जर काढा. उभा अँटेना झाडाखाली धरू नका, तिथे हवा तो सिग्नलही दबतो. मोकळी जागा मिळतच नसेल तर लूप, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचा अँटेना, वापरा: तो फिरवत नेला की एका दिशेला घरघर बरीच खाली जाते. उभ्या अँटेनाला ती सोय नाही.

तडतडीबद्दल अजून शंका असेल तर शंभर पावलं चालून पुन्हा ऐका. तारांची असेल तर जोर बदलेल. वादळाची असेल तर बदलणार नाही.