अश्रू पुसण्याचं वचन आधी कुणाला दिलं होतं?

ख्रिस्ती अंत्यविधीला कधी गेला असाल तर बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, म्हणजे प्रकटीकरणाच्या 21व्या अध्यायातलं ते वचन कानावर पडलं असेल, देव डोळ्यांतले सगळे अश्रू पुसून टाकेल, मरण नाही, शोक नाही, रडणं नाही. ऐकताना वाटतं की हे पहिल्यापासून स्वर्गाबद्दलच होतं. पण सुरुवातीला मामला अगदी जमिनीवरचा होता, घरी परत जाण्याचा.

इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यहूदी लोकांच्या यहूदा राज्याची राजधानी यरुशलेम पाडली, मंदिर जाळलं, लोकांना बाबेलला नेलं. त्याच्या दहा-अकरा वर्षं आधीच लोकांची एक खेप यहूदाचा राजा यहोयाखीनसकट गेली होती. बाबेलच्या उत्खननात मातीच्या पाट्या मिळाल्यात, त्यात या राजाला आणि त्याच्या मुलांना तेलाचं रेशन किती द्यायचं ते लिहिलंय. उपाशी ठेवलं नव्हतं, पण यहूदाचा राजा दुसऱ्याच्या कोठारातून मापाने तेल घेतोय, यातच सगळं आलं.

त्या काळातली वचनं बघा. संदेष्टा यिर्मयाच्या पुस्तकातल्या 31व्या अध्यायात राहेल, म्हणजे या लोकांची पूर्वज आई, लेकरांसाठी रडते आणि त्याच अध्यायात देव म्हणतो की मी शोकाचा आनंद करीन, पोरी नाचतील. संदेष्टा यशयाच्या पुस्तकातल्या 35व्यात सुटका झालेले लोक गात गात सियोनेला, म्हणजे यरुशलेमेला, येतात आणि दुःख पळून जातं. म्हणजे वाळवंट, रस्ता, गाव, सगळं खरंखुरं.

मग 539 मध्ये इराणच्या कोरेशने बाबेल घेतलं आणि लोक परतायला लागले. आता आनंदीआनंद? एज्राच्या 3ऱ्या अध्यायात नव्या मंदिराचा पाया घालतात तेव्हा तरुण लोक जल्लोष करतायत आणि ज्यांनी जुनं मंदिर पाहिलेलं ते म्हातारे मोठमोठ्याने रडतायत, आणि रडणं कुठलं न जल्लोष कुठला हे कुणाला ओळखू येईना. माझ्या मते अख्ख्या विषयातली सगळ्यात खरी जागा हीच. पुढे 520 च्या सुमारास संदेष्टा हाग्गय सांगतो, पेरलंत पुष्कळ पण हाती आलं थोडं, मजुरी भोक पडलेल्या पिशवीत जाते.

परत तर आलो पण दुःख काही संपलं नाही, मग वचन पुढे सरकत गेलं. यशयाच्या 65व्यात (अभ्यासक हा भाग साधारण परतल्यानंतरचा धरतात) नवं आकाश, नवी पृथ्वी येते, रडणं थांबतं, पण गंमत म्हणजे मरण अजून आहेच, फक्त शंभराव्या वर्षी गेला तरी तो तरुणच गेला म्हणायचं. यशयाच्याच 25व्या अध्यायात मात्र डोंगरावर सगळ्या राष्ट्रांना मेजवानी आहे, जुना मुरलेला द्राक्षारस आहे, आणि देव मरणच गिळून टाकतो, सगळ्यांच्या चेहऱ्यावरचे अश्रू पुसतो. इ.स.पू. 167 च्या आसपास ग्रीक राजा अंतियोखसने यहूदी धर्म पाळणाऱ्यांना ठार मारायला सुरुवात केली, आणि त्याच काळातल्या मानल्या जाणाऱ्या दानीएलच्या 12व्या अध्यायात मेलेले उठतील असं सरळ येतं. साहजिकच आहे, जो मारला गेला त्याला घरी परतण्याचं वचन काय कामाचं?

इ.स. 70 मध्ये रोमनांनी दुसरं मंदिरही पाडलं. त्यानंतर, बहुतेक 95 च्या सुमारास, पात्म बेटावरचा योहान आजच्या तुर्कस्तानातल्या सात ख्रिस्ती मंडळ्यांना लिहितो, रोमला बाबेल म्हणतो आणि यशयाचं ते अश्रूंचं वचन उचलून नव्या यरुशलेमाला लावतो. त्या शहरात मंदिर मात्र नाही, 21व्या अध्यायात तसं स्पष्टच लिहिलंय.