कबुतरांची आकार-ओळख : एका वादाची पार्श्वभूमी

कबुतराला आकृती खरोखरच कळते, की ते केवळ सुट्या खुणांवरून ठरवते, हा तो वाद. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी पडद्यावरील लक्ष्याच्या प्रतिमेवर चोच मारायला कबुतरांना शिकवून त्यांच्याकरवी बॉम्बची दिशा राखण्याचा घाट घातला होता. लष्कराने ही योजना प्रत्यक्षात कधीच वापरली नाही; पण कबुतराच्या नजरेवर किती भरवसा ठेवता येतो, हे त्यातून दिसून आले.

१९६४ मध्ये स्किनर यांचेच शिष्य रिचर्ड हर्नस्टाइन आणि त्यांचे सहकारी डोनाल्ड लव्हलँड यांनी हार्वर्ड विद्यापीठात कबुतरांना रंगीत स्लाइड दाखवल्या. स्लाइडमध्ये कुठेही माणूस असेल, मग तो कोपऱ्यात असो, अर्धवट झाकलेला असो वा घोळक्यात असो, तर चोच मारल्यावर दाणे मिळत, एरवी नाही. पूर्वी न पाहिलेल्या स्लाइडबाबतही पक्ष्यांचा निवाडा बहुधा बरोबर येऊ लागला, तेव्हा त्यांना ‘माणूस’ ही संकल्पनाच उमगली असल्याचा दावा करण्यात आला. हा दावा जरा घाईचाच होता, कारण छायाचित्रात इतके काही असते की पक्षी नेमके कशावरून ठरवतो, हे सांगता येत नाही.

त्यामुळे साध्या आकारांकडे वळणे ओघानेच आले. १९७६ मध्ये कबुतरांनी वेगवेगळ्या वळणांच्या टाइपांतील ‘ए’ हे रोमन अक्षर २ या आकड्यापासून वेगळे काढले आणि नव्या टाइपांतही ते ओळखले. १९८० मध्ये जॉन सेरेला यांनी मात्र या उत्साहाला लगाम घातला. चार्ली ब्राउन या व्यंगचित्रातील मुलाला ओळखायला शिकलेली कबुतरे त्याचे डोके, धड आणि पाय यांची जागा बदलून केलेले चित्रही तितक्याच सहजपणे स्वीकारत होती. म्हणजे पक्षी सुटे तुकडे हेरत होता, आकृतीची मांडणी नव्हे. पण हा निष्कर्षही सरसकट लागू पडत नाही : १९९५ मध्ये शिगेरू वातानाबे आणि सहकाऱ्यांनी मोने आणि पिकासो या चित्रकारांच्या चित्रांत फरक करायला शिकवलेली कबुतरे मोनेची चित्रे उलटी टांगल्यावर गोंधळली, पिकासोची उलटी केल्यावर नाही; म्हणजे निदान मोनेच्या चित्रांत तरी ती मांडणीचाही आधार घेत असावीत.

२०११ मध्ये जे. डेव्हिड स्मिथ आणि सहकाऱ्यांनी प्रश्नच वेगळ्या रीतीने मांडला. रुंदी आणि तिरपेपणा बदलत जाणाऱ्या पट्ट्यांची दोन गटांत विभागणी करताना, एकाच गुणावर आधारलेला नियम माणूस चटकन पकडतो आणि दोन्ही गुण एकत्र धरावे लागले की त्याला वेळ लागतो. कबुतरे मात्र दोन्ही प्रकारची विभागणी सारख्याच गतीने शिकली.