कडूनं गोड मरत नाही

रात्री पेल्यात भिजवलेल्या काडेचिराईताच्या चार काड्या, सकाळी गाळलेलं पिवळसर पाणी, नाक धरून एका दमात घशाखाली. मराठवाड्यात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. सोबत ठरलेलं वाक्य: ‘कडूनं गोड मरतं, शुगर उतरते, रक्तही साफ होतं.’

कडू-गोड या जिभेवरच्या चवी. रक्तातली साखर वाढते ती इन्सुलिन कमी पडल्यानं किंवा त्याचं नीट न चालल्यानं. चवीची वजाबाकी तिथं लागू नाही. शिवाय कडूपणा एकाच द्रव्याचा कुठंय? काडेचिराईतात अमरोजेंटिन, सिंकोनाच्या सालीत क्विनीन, म्हणजे म्हाताऱ्यांचं कोयनेल. ते हिवतापावर चाललं, कारण त्यानं मलेरियाचे परजीवी मरतात. कडू म्हणून नव्हे.

कारल्यावर अभ्यास झालेत. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या 2012 च्या आढाव्याला मधुमेहासाठी पुरेसा पुरावा सापडला नाही. समजा, थोडीफार साखर उतरलीच, तर खरा घोळ तिथंच आहे. गोळी चालू, वर उपाशीपोटी रस, की दरदरून घाम, हातांना कापरं, डोळ्यांपुढं अंधारी. आणि गोळी सोडून नुसता काढा पिणं? ते तर त्याहून वाईट.

रक्त गाळायला मूत्रपिंडं आहेत, यकृत आहे. पाडव्याला लिंबाचा फुलोरा गूळ-चिंचेत कालवून चमचाभर खुशाल खा, मीही खातो. लेकरांना मात्र लिंबोळीचं तेल पाजू नका. त्यानं तान्ह्यांना उलट्या आणि झटके आल्याच्या नोंदी आहेत.