द्राक्षगर्भ काढताना स्थानिक भूल

द्राक्षगर्भात वार नीट न वाढता तिच्या जागी पाणीदार फोडांचे घोस तयार होतात. सक्शनने (नळीने खेचून) गर्भपिशवी रिकामी करणे हाच मुख्य उपचार. त्यासाठी स्थानिक भूल देता येते. पण पिशवी लहान, रक्तस्राव कमी आणि थायरॉइड शांत असेल तरच.

स्पेक्युलम (योनी उघडी धरणारे साधन) लावून गर्भाशयमुखाच्या वरच्या ओठात लिग्नोकेन हे भुलीचे औषध 2 मिलि देतात आणि तिथे चिमटा लावतात. उरलेले औषध मुख योनीला मिळते तिथे, घड्याळातल्या 4 आणि 8 च्या जागी, 2 ते 3 सेंमी खोल टोचतात. दरवेळी सिरिंज ओढून रक्त येत नाही ना हे पाहायचे आणि 3 मिनिटे थांबायचे. घाई केली तर भूल लागत नाही. लागली तरी पिशवीच्या वरच्या भागाच्या संवेदना पाठीच्या कण्यातल्या टी-10 ते एल-1 या नसांवाटे जातात, त्या शाबूत राहतात. पिशवी आकसताना कळ येतेच.

चूक होते ती मात्रेत. साध्या लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे 4.5 मिग्रॅ. 40 किलोच्या बाईला 180 मिग्रॅ, म्हणजे 1 टक्क्याचे 18 मिलि. हाताशी बहुधा 2 टक्क्यांची बाटली असते; त्यातले 20 मिलि दिले की 400 मिग्रॅ होतात. म्हणून 2 टक्क्यांच्या औषधात तेवढेच सलाइन मिसळून ते 1 टक्क्याचे करावे. पिशवीला रक्तपुरवठा भरपूर असल्याने औषध झपाट्याने रक्तात उतरते. ओठ बधिर होणे, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण ही पहिली लक्षणे. पुढे झटके येतात. त्यावर उतारा म्हणून शिरेतून द्यायचे 20 टक्के लिपिड इमल्शन (स्निग्ध द्रावण) किलोमागे 1.5 मिलि तयार हवे.

एचसीजी हे गरोदरपणातले संप्रेरक फार वाढले की ते थायरॉइडला चेतवते. नाडी 120 असेल तर ‘बाई घाबरली’ म्हणून सोडून देऊ नये, टी-3, टी-4 ही थायरॉइडची संप्रेरके पाहावी. अशा रुग्णाला अॅड्रेनालिन मिसळलेले लिग्नोकेन आणि केटामाइन हे भुलीचे इंजेक्शन टाळतात. प्रकृती स्थिर असेल तर कमरेतली भूल बरी: 0.5 टक्के हेवी बुपिवाकेन 2 ते 2.5 मिलि. गुंगीच्या वायूंनी पिशवी सैल पडून रक्तस्राव वाढतो, तो धोका इथे नाही. पण आधीच खूप रक्त गेले असेल तर याच भुलीने रक्तदाब कोसळतो; तिथे पूर्ण भूलच योग्य.

मराठवाड्यात अशा कित्येक बायका मुळातच रक्त कमी असलेल्या. तालुक्याला भूलतज्ज्ञ नाही म्हणून स्थानिक भुलीवर भागवणे चूक आहे. पिशवी 14-16 आठवड्यांहून मोठी असेल तर फोडांच्या पेशी फुप्फुसात जाऊन श्वास अडकू शकतो. धारूर-केजकडच्या रुग्णाला अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात, वैजापूर-कन्नडकडच्या रुग्णाला छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, रक्ताची सोय करूनच पाठवावे.