वेदनाशामक इंजेक्शन घेण्याआधी: डायक्लोफिनॅक आणि किटोरोलॅकविषयी आमच्या ग्राहकांसाठी

चिठ्ठीवर डायक्लोफिनॅक किंवा किटोरोलॅकचे इंजेक्शन असेल, तर ॲम्प्यूलसोबत हा कागदही घेऊन जा. काउंटरवर एक वाक्य आम्हाला नेहमी ऐकू येते: "गोळीने पोटाला त्रास होतो, म्हणून डॉक्टरांना म्हटलं इंजेक्शनच द्या." हे पत्रक मुख्यतः त्या वाक्यासाठी लिहिले आहे, कारण हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी माणसे अडचणीत येतात.

सूज आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये आपले शरीरच तयार करते. ही औषधे ती निर्मिती रोखतात. ॲस्पिरिन याच वाटेने काम करते हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. अडचण अशी की हीच द्रव्ये जठराच्या अस्तराला आम्लापासून जपतात आणि किडनीला होणारा रक्तपुरवठा सांभाळतात. औषध तोंडातून गेले काय किंवा कमरेतून, शेवटी ते रक्तात उतरते आणि रक्तातूनच जठरावर परिणाम करते. ज्यांना पूर्वी अल्सर झाला आहे किंवा पोटात रक्तस्राव झाला आहे, त्यांचे सुईमुळे रक्षण होत नाही.

मग इंजेक्शन कशासाठी? वेगासाठी. स्नायूत दिलेले डायक्लोफिनॅक साधारण २० मिनिटांत रक्तातल्या सर्वाधिक पातळीला पोचते. मुतखड्याची कळ उठली आहे, ऑपरेशननंतरचे दुखणे सहन होत नाही, उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नाही, अशा वेळी तो वेग मोलाचा असतो. वर्षानुवर्षे दुखणाऱ्या गुडघ्याला त्याचा उपयोग नाही.

म्हणूनच त्याचे दिवस मोजके असतात. डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन सहसा ७५ मिलिग्रॅमचे असते. दिवसभरात सगळे मिळून १५० मिलिग्रॅमच्या वर जायचे नाही आणि इंजेक्शने दोन दिवसांपेक्षा जास्त चालू ठेवायची नाहीत. पुढे गरज वाटली तर डॉक्टर गोळ्यांवर आणतात. किटोरोलॅकची कमाल मर्यादा पाच दिवस, आणि त्यात त्याच्या गोळ्यांचे दिवसही धरायचे. जुनी चिठ्ठी दाखवून तिसऱ्या दिवशी डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन मागितले तर आम्ही देत नाही. कृपया रागावू नका.

"सगळे मिळून" या शब्दांवर आम्ही जोर देतो, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. सकाळी दवाखान्यात इंजेक्शन, दुपारी घरात उरलेली सांधेदुखीची गोळी, रात्री डोके दुखले म्हणून आयबुप्रोफेन. तिन्ही नावे वेगळी, पाकिटांचे रंग वेगळे, पण घराणे एकच. पोटावर आणि किडनीवर तिन्हींचा भार एकत्र पडतो. जोडीला काही लागलेच तर डॉक्टर बहुधा पॅरासिटामॉल सुचवतात. घरातली पाकिटे सोबत आणा, आम्ही त्यांवरचे बारीक अक्षर वाचून सांगू.

डॉक्टरांना आपणहून काय सांगायचे? रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते सर्वांत आधी. बीपीची गोळी आणि जास्तीचे पाणी लघवीवाटे काढणारी गोळी, दोन्ही घेत असाल तर तेही. या दोघींमध्ये हे तिसरे औषध आले की किडनी अचानक बिघडू शकते, विशेषतः वय झालेल्यांची आणि उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी कमी झालेल्यांची. लिथियम, मेथोट्रेक्सेट, स्टेरॉइड किंवा नैराश्यावरची औषधेही लपवू नका. हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेला असेल, हृदयाचे पंपिंग कमी असेल, तर डायक्लोफिनॅक टाळतात. ॲस्पिरिनने कधी दम लागला असेल, अंगावर गांधी उठल्या असतील, तर या घराण्यातले कोणतेच औषध स्वतःहून घेऊ नका.

गर्भवतींसाठी वेगळे सांगतो. विसाव्या आठवड्यापासून ही औषधे बाळाच्या किडनीवर परिणाम करून गर्भजल कमी करू शकतात आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. दिवस राहिल्याची नुसती शंका असली तरी बोला.

तापात अंग ठणकते म्हणूनही हे इंजेक्शन मागितले जाते. तो ताप डेंग्यूचा असू शकतो. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात आणि ही औषधे उरलेल्या प्लेटलेटचे कामही मंदावतात, त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. निदान होईपर्यंत थांबा.

इंजेक्शन प्रशिक्षित माणसाकडूनच घ्या. घरी कोणी "मला येतं" म्हणाले तरी नको. डायक्लोफिनॅक कुल्ल्याच्या वरच्या, बाहेरच्या चतुर्थांशात खोल स्नायूत दिले जाते. जागा चुकली तर पायाकडे जाणाऱ्या मोठ्या नसेला इजा होऊन पाऊल लुळे पडू शकते. सुई टोचताच पायात वीज गेल्यासारखी कळ आली तर तिथल्या तिथे ओरडून थांबवा, संकोच करू नका. दुसरे इंजेक्शन लागले तर ते दुसऱ्या बाजूला घ्यावे. एकाच सिरिंजमध्ये दुसरे औषध मिसळू देऊ नका. ॲम्प्यूलमधले द्रावण गढूळ दिसले किंवा त्यात खडे दिसले तर ते वापरू नका. परत आणा, बदलून देऊ.

टोचल्यानंतर अर्धा तास तिथेच बसा. ओठ सुजणे, श्वास अडकणे, चक्कर येऊन घाम फुटणे ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे असतात आणि ती बहुधा लवकर दिसतात. टोचल्या जागी थोडे दुखणे चालते. पण वेदना असह्य होऊन कातडीवर निळसर-काळपट जाळीदार चट्टा उठला तर शेकत बसू नका: त्या भागाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो आणि मांस कुजू लागते. हे क्वचित होते, पण झाले तर तासातासाला नुकसान वाढते.

पुढच्या काही दिवसांत डांबरासारखी काळी शौच, कॉफीच्या गाळासारखी उलटी, लघवी एकदम कमी होणे, चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज, छातीत दुखणे, बोलताना जीभ अडखळणे, यांपैकी काहीही दिसले तर थेट हॉस्पिटल गाठा. रात्रीचे दोन वाजले असले तरी. जाताना रिकामी ॲम्प्यूल किंवा तिचे खोके बरोबर न्या, म्हणजे काय दिले होते हे तिथल्या डॉक्टरांना विचारत बसावे लागणार नाही.